मे महिन्यात तुमचा ढीग दुप्पट होतो

प्रति,
अक्कलकोट रोड, चिंचोळी आणि पूर्व भागातील टॉवेल-चादर कारखान्यांचे मालक, भागीदार आणि व्यवस्थापक,
सोलापूर

मालक मंडळींनो, सप्रेम नमस्कार.

मी पॉलिटेक्निकमध्ये केमिकल इंजिनिअरिंग शिकवते. पण हे पत्र लिहिण्याचा माझा हक्क त्या नोकरीतून आलेला नाही. माझे वडील तुमच्याच धंद्यातले, एका टॉवेल कारखान्यात ड्रायरवर होते. आम्ही पूर्व भागातले, घरात तेलुगू आणि उंबऱ्याबाहेर मराठी. वडलांना आम्ही नायना म्हणायचो. त्यांच्या उजव्या हातावर कोपरापासून मनगटापर्यंत भाजल्याचा चट्टा होता. तो कशानं पडला, हे समजून घेण्यात माझं निम्मं शिक्षण गेलं. ते तुम्हाला सांगायचं आहे, आणि पुढचा उन्हाळा यायच्या आत सांगायचं आहे.

१८ मे २०२५ च्या पहाटे अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्याला आग लागली आणि आठ जण गेले. मालकाच्या घरातली माणसं होती, कामगाराच्या घरातली होती, एक लहानगं मूलही होतं. सगळं सोलापूर त्या दिवशी सुन्न होतं. त्या आगीचं कारण ठरवणं माझं काम नाही आणि या पत्रात मी ते ठरवतही नाही. पण त्यानंतर जिथं जाईल तिथं एकच चर्चा ऐकली: वायरिंग, शॉर्टसर्किट, बंब किती वेळात आला, पाणी पुरलं का. हे सगळे प्रश्न योग्यच आहेत. फक्त गोडाऊनमध्ये जो माल रचलेला असतो, त्याच्याबद्दल कुणी काही विचारलं नाही. जणू काही तो माल निमूट बसलेला असतो आणि आग बाहेरूनच येते.

कापूस निमूट बसत नाही. विशेषतः तेलकट कापूस, गरम कापूस आणि ढिगातला कापूस.

मी नववीत असतानाची गोष्ट. मे महिना होता. कारखान्याच्या ऑफिसची दारं नव्यानं पॉलिश केली होती. रंगाऱ्यानं दारांना बेलतेल लावलं, चिंध्यांनी पुसून काढलं आणि जाताना त्या चिंध्यांचा बोळा वेस्टच्या खोलीत टाकून दिला. ती खोली म्हणजे पत्र्याचं छप्पर, एक दार, खिडकी नाही. आत लूमखालची रुई, कटिंगच्या पट्ट्या, मशीन पुसलेल्या चिंध्या, छातीएवढा ढीग. वेस्ट नेणारा गाडीवाला त्या आठवड्यात आलाच नव्हता. मग सुट्टी आली. सुट्टीनंतर नायना पहिल्या पाळीला गेले आणि त्यांना वास आला. ते सांगायचे, जळका वास नव्हता तो. जुन्या तेलात काहीतरी तळल्यासारखा, घशाला लागणारा. दार उघडलं तर धूर नाही, ज्वाळा नाही. त्यांनी ढिगात हात घातला. वर गार. मनगट आत गेलं तेव्हा कोमट. कोपरापर्यंत गेलं तेव्हा झटक्यात काढावा लागला.

त्यांनी आणि आणखी दोघांनी ढीग ओढून अंगणात काढायचं ठरवलं. मधली रुई तपकिरी झाली होती, त्याच्या आत काळी, आणि काळ्याच्या आत लाल ठिपके, उदबत्तीच्या टोकासारखे. अंगणात ओढल्यावर वारा लागला आणि सगळा ढीग एकदम भडकला. नायनांचा हात त्यातच होता.

आग तासाभरात विझली. कागदावर कारण लिहिलं गेलं, विडी. रात्रपाळीचे वॉचमन काका विडी ओढायचे म्हणून नव्हे, ते ओढतच नव्हते. पण वॉचमन म्हणजे विडी, असं सगळ्यांनी धरून चाललं. त्यांची नोकरी गेली. नायना मालकांना म्हणाले, ‘आग आतून आली होती, शेठ, वरून नाही. वरचा कापूस पांढरा होता.’ कुणी ऐकलं नाही. नायनांना ते सिद्ध करता येत नव्हतं.

मला येतं. म्हणून लिहिते आहे.

कुठल्याही पेटणाऱ्या घन पदार्थाचा एक जमाखर्च असतो. हवेतला ऑक्सिजन त्याच्याशी हळूहळू संयोग पावत असतो, आणि त्यातून थोडी थोडी ऊब निघत असते. ही जमा. ती ऊब पृष्ठभागापर्यंत येऊन हवेत निघून जाते. हा खर्च. जोवर खर्च जमेला पुरून उरतो, तोवर काही होत नाही. वर्षानुवर्षं चादर कपाटात राहते. पण या दोन बाजू एकाच रीतीनं वाढत नाहीत. ढीग दहा अंशांनी तापला, तर बाहेर जाणारी ऊब साधारण त्याच प्रमाणात वाढते, सरळ रेषेत. आत तयार होणारी ऊब मात्र त्या दहा अंशांत दुप्पट-तिप्पट होते, आणि पुढच्या दहा अंशांत त्याच्या दुप्पट-तिप्पट. सावकाराच्या चक्रवाढ व्याजासारखं. एका मर्यादेपर्यंत हप्ते फिटत राहतात. ती ओलांडली की कितीही भरलं तरी मुद्दल वाढतच जातं.

ही मर्यादा गणितात पहिल्यांदा नीट मांडली ती रशियाच्या निकोलाय सेमेनोव यांनी १९२८ साली. पुढे १९५६ मध्ये त्यांना रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. त्यांच्याकडे काम करणारे फ्रँक-कामेनेत्स्की यांनी १९३९ मध्ये त्यात एक मोठी भर घातली. सेमेनोवांनी ढीग सगळीकडे सारखाच तापतो असं धरलं होतं. फ्रँक-कामेनेत्स्की म्हणाले, तसं नसतं. मध्यभाग सर्वांत गरम, कारण तिथल्या उबेला बाहेर यायला सगळा ढीग ओलांडावा लागतो. नायनांचं मनगट कोमटात आणि बोटं आगीत का होती, याचं उत्तर मला अठरा वर्षांनी त्या समीकरणात सापडलं. त्या रात्री मी झोपले नाही.

कापसातून ऊब किती सावकाश जाते, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. तुमची चादर याच गुणावर खपते. तांब्याच्या तुलनेत कापूस उबेला काही हजार पटींनी जास्त अडवतो. थंडीत तो गुण आपल्या अंगाची ऊब आत ठेवतो. ढिगात तो ढिगाची ऊब आत ठेवतो. आणि इथं एक आकडा मी तुम्हाला पाठ करायला सांगेन. सैल रुईचा चेंडू घ्या, मध्यापासून बाहेरपर्यंत ५ सेंटिमीटर. त्याच्या पोटातली ऊब बाहेर यायला साधारण दोन तास लागतात. आता अर्ध्या मीटरचा घ्या, म्हणजे नायनांच्या त्या ढिगाएवढा. अंतर दहापट झालं, म्हणून दहापट वेळ लागेल असं वाटतं. तसं होत नाही. शंभरपट लागतो. आठवडाभर. आज आत तयार झालेली ऊब पुढच्या आठवड्यात बाहेर येणार, आणि तोवर आत रोज नवी तयार होत राहणार.

म्हणून माल तोच, तेल तेच, खोली तीच असली तरी लहान ढीग शांत बसतो आणि मोठा पेटतो. पेटणं हा फक्त पदार्थाचा गुण नाही, रचण्याचाही आहे. माझ्या विद्यार्थ्यांना हे पटायला सगळ्यात जास्त वेळ लागतो. पुस्तकात ते वाचतात की कापूस सुमारे ४०० अंशांना पेटतो, आणि मग निर्धास्त होतात. तो आकडा चिमूटभर कापूस थोडा वेळ तापवल्याचा आहे. खोलीभर कापूस आठवडाभर ठेवल्याचा नाही.

आता मे महिन्याचं. याच गणितातून निघतं की ढिगाची जाडी दुप्पट केली, तर तो साधारण तेरा अंशांनी कमी तापमानाला आवाक्याबाहेर जातो. उलटून वाचा: भोवतालची हवा तेरा अंशांनी तापली, तर जुन्याच मापाचा ढीग दुप्पट जाडीच्या ढिगासारखा वागतो. आपल्याकडे डिसेंबरात दुपारी ३० अंश असतात, मे महिन्यातल्या कडक दिवशी ४३-४४. दिवस-रात्रीची सरासरी धरली तरी दोन ऋतूंत दहा-बारा अंशांचा फरक पडतो, आणि पत्र्याखालच्या खोलीत त्याहून जास्त. म्हणजे तुम्ही काहीच केलं नाही, एक मूठ वेस्टही जास्त टाकली नाही, तरी मे महिन्यात तुमचा ढीग उबेच्या हिशेबात दुप्पट झालेला असतो. ‘वीस वर्षं इथंच टाकतोय, काही झालं नाही’ हे वाक्य मी निदान दहा कारखान्यांत ऐकलं आहे. वीस वर्षांत तो ढीग कडेपर्यंत किती वेळा येऊन गेला, ते कुणी मोजलेलं नाही.

तेलाबद्दल नेमकं बोलायला हवं, कारण इथं घबराट पसरवणंही चूक आहे. सगळी तेलं सारखी नाहीत. लूमला घालायचं खनिज तेल सहसा स्वतःहून तापत नाही. ते आगीला खाद्य देतं, पण सुरुवात करत नाही. सुरुवात करतात ती वाळणारी वनस्पती तेलं. तेलात ऑक्सिजन पकडणाऱ्या जागा किती, याचं माप म्हणजे आयोडीन मूल्य. खोबरेलाचं दहाच्या आसपास. शेंगदाणा तेलाचं नव्वदच्या आसपास. आपल्या सोलापूरच्या करडईचं १४० च्या वर. आणि जवसाचं १७० ते २००. बेलतेल म्हणजे उकळून तयार केलेलं जवसाचंच तेल, लवकर वाळावं म्हणून त्यात आणखी द्रव्यं घातलेली. दारावर ते वाळतं तेव्हाही ऊब सोडतं. पण लाकडाच्या फळीवर पातळ थर असतो, ऊब क्षणात उडून जाते. तेच तेल चिंधीवर गेलं की हजारो तंतूंवर पसरतं, प्रत्येक तंतूभोवती हवा, आणि चिंधीचा बोळा झाला की त्याच उबेला बाहेर यायला वाट नाही.

हे मी वर्गात दाखवते. करडईच्या तेलात भिजवून पिळलेल्या दोन सारख्या चिंध्या. एक दोरीवर वाळत घातलेली, दुसरी बोळा करून इतर कोरड्या चिंध्यांच्या डब्यात, पोटात थर्मामीटरची तार. शेजारी पाण्याची बादली. दोरीवरची चिंधी दिवसभर खोलीएवढीच राहते. डब्यातला आकडा आधी तासन् तास हलत नाही. मुलं कंटाळतात, चहाला जातात. परत येतात तेव्हा तो चढायला लागलेला असतो, आणि चढण्याचा वेग वाढत असतो. भोवतालपेक्षा पंधरा अंश वर गेला की मी प्रयोग थांबवते आणि चिंधी पाण्यात बुडवते. त्याच्या पुढे थांबायचं नसतं.

पंधरा अंशच का, हे मुलं विचारतात, आणि तुम्हीही विचारावं. आधी सांगितलेल्या गणिताचा हा सर्वांत उपयोगी भाग आहे. मर्यादेच्या काठावर उभा असलेला ढीगसुद्धा मध्यभागी भोवतालपेक्षा फक्त दहा-पंधरा अंशच गरम असतो. एवढंच. हाताला तो ‘जरा कोमट’ लागतो. लोक समजतात की धोका म्हणजे चटका, धूर, वास. वास यायला लागला तेव्हा नायना आधीच उशिरा पोचले होते. ढिगाचं पोट खोलीपेक्षा दहा अंश गरम लागलं, तर तो ढीग त्याच दिवशी मोडायचा आणि पसरायचा.

उबेची बाजू झाली. हवेची बाजू तितकीच महत्त्वाची, आणि तिच्याकडे आपलं लक्ष जात नाही. ढिगाला आत जळायला ऑक्सिजन लागतो, तो बाहेरून झिरपत यावा लागतो. घट्ट दाबलेल्या गाठीत तो फारच थोडा पोचतो. उघड्यावर पसरलेल्या चिंधीला भरपूर मिळतो, पण वारा ऊबही घेऊन जातो. सगळ्यात वाईट असतो तो मधला प्रकार: सैल ढीग, बंद खोलीत. हवा शिरेल इतका सैल, ऊब निघणार नाही इतका जाड. कोळशाच्या यार्डात हे माहीत असतं, म्हणून तिथं ढिगावरून डोझर फिरवून कोळसा दाबतात, आतली हवा काढून टाकतात. आपल्या फताटेवाडीला १,३२० मेगावॅटचं वीज केंद्र आहे. तुमच्या ओळखीचं कुणी तिथं कोळशावर काम करत असेल तर त्याला विचारा, ढीग का दाबतात. आणि कडब्याची गंज रचणाऱ्याला विचारा. ओली वैरण गंजीत घालायची नाही, आधी बुचाडं लावून वाळू द्यायची, हे मोहोळ-मंगळवेढ्याकडच्या कुठल्याही शेतकऱ्याला शिकवावं लागत नाही. साखर कारखान्याच्या बगॅसचं, म्हणजे उसाच्या चिपाडाचंही तेच. गिरणीतून निघतं तेव्हा त्यात निम्मं पाणी असतं. आधी जंतू ते साठ-सत्तर अंशांपर्यंत तापवतात, मग स्वतः मरतात, आणि पुढचं काम ऑक्सिजन हाती घेतो. या जिल्ह्यात कोळसा, कडबा आणि बगॅस सांभाळणाऱ्या माणसांना ढिगाचं भय ठाऊक आहे. फक्त कापूस सांभाळणाऱ्या आपल्यालाच ते नाही, आणि याचं मला फार वाईट वाटतं.

नायनांचा ढीग अंगणात का भडकला, तेही इथंच आहे. खोलीत तो धुमसत होता. ऑक्सिजन झिरपेल तेवढाच जळत होता. ओढून मोडला आणि वाऱ्यावर आणला, म्हणजे तापलेल्या निखाऱ्याला एकदम हवी तेवढी हवा दिली. म्हणून मधोमध नुसता कोमट नाही, तर चटका बसेल इतका गरम लागलेला किंवा वास येणारा ढीग हातानं मोडायचा नाही. आधी बंबाला फोन, मग पाण्याचा पाइप हातात, मग लांब आकड्यानं थोडा थोडा ओढायचा आणि ओढलेला प्रत्येक भाग भिजवायचा. गाठीच्या वर पाणी ओतून उपयोग नसतो. पाणी बाजूनं ओघळून जातं आणि निखारा आत तसाच राहतो. दाबलेल्या गाठीत तो कित्येक दिवस टिकतो.

धुमसणाऱ्या कापसाचा आणखी एक दोष आहे. हवा अपुरी म्हणून तो कार्बन मोनॉक्साईड भरपूर सोडतो. त्याला रंग नाही, वास नाही. आपल्या कितीतरी कारखान्यांत वरच्या मजल्यावर किंवा मागच्या खोलीत माणसं झोपतात, कधी कामगाराचं कुटुंब, कधी मालकाचं स्वतःचं. ज्वाळा दिसायच्या कितीतरी आधी हा वायू जिन्यानं वर गेलेला असतो. झोपलेल्या माणसाला जाग येत नाही.

ड्रायरबद्दल मी जास्त लिहिणार आहे, कारण तो नायनांचा विभाग आणि तिथली चूक सर्वांत सहज सुधारता येणारी. ऑर्डर निघायची घाई असते. ड्रायरमधून टॉवेल निघतो तो हातात धरवत नाही इतका गरम. तसाच घडी होतो, तसाच थप्पीला लागतो, थप्पीवर थप्पी, वर ताडपत्री. इथं ढिगाला स्वतःहून तापायची गरजच उरत नाही. ऊब आपणच आत भरून दिलेली असते. शिवाय ड्रायरमध्ये कापूस हाडासारखा कोरडा होतो आणि बाहेर येताच हवेतला ओलावा परत ओढू लागतो, वजनाच्या सात-आठ टक्क्यांपर्यंत. ओलावा शोषताना कापूस आणखी ऊब सोडतो. पावसाळ्याच्या तोंडाला, हवा दमट असताना, हे जास्त होतं. त्यात सॉफ्टनरचा किंवा तेलाच्या डागाचा अंश राहिला असेल तर पुढचं गणित वर सांगितलंच आहे. नायनांचा नियम साधा होता: शेवटची दहा मिनिटं आच बंद, नुसता पंखा. टॉवेल गालाला लावून बघायचे. गालाला गार लागला तरच घडी. प्रॉडक्शन मॅनेजर त्यांच्यावर चिडायचा, पाळीला दोन-तीन लॉट कमी निघतात म्हणून. चट्टा पडल्यावर मात्र त्यांना कुणी बोललं नाही.

वाफेच्या नळ्यांकडेही बघा. सात किलो प्रेशरची वाफ म्हणजे नळी सुमारे १७० अंशांना. जिथं जॅकेट फाटलं आहे तिथं रुईचा तूस बसतो. पातळ थर असेपर्यंत तो नळीवर नुसता पिवळा पडतो. पण तो जितका जाड होतो, तितकी नळीकडची ऊब कोंडते आणि तितक्या कमी तापमानाला तो धुमसायला लागतो. मोटारीच्या अंगावरच्या तुसाचंही हेच. म्हणून तूस झाडणं हे दिवाळीच्या साफसफाईचं काम नाही, पाळीचं काम आहे. आणि ते कॉम्प्रेसरच्या हवेनं उडवून नको. उडवलेला तूस छपराखालच्या लोखंडी कैचीवर जाऊन बसतो आणि तिथं थर धरतो.

मग तुमच्याकडे माझं मागणं काय? नवं यंत्र नको, मोठा खर्च नको. मार्च ते जून वेस्टचा ढीग गुडघ्याच्या वर जाऊ देऊ नका. वेस्ट पाळीच्या शेवटी हलवा, गाडीवाला आला नाही तर दुसरा बोलवा, पण सुट्टीच्या आदल्या दिवशी खोली रिकामी असलीच पाहिजे. पुसायच्या तेलकट चिंध्या, आणि रंगारी, सुतार, पॉलिशवाले येतील तेव्हा त्यांच्या चिंध्या तर नक्कीच, झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात, आत पाणी घालून. वेस्टमध्ये कधीही नाही. टॉवेलच्या थप्प्यांमध्ये हात जाईल एवढी फट ठेवा. आणि एक मीटर लांब दांड्याचा थर्मामीटर विकत घ्या. एका कारखान्याला एक पुरतो. तो हाती येईपर्यंत लोखंडी सळई ढिगाच्या पोटात अर्धा तास खुपसून ठेवा आणि काढून हात लावा. ज्याच्या हाती हे काम द्याल त्याचं नाव फळ्यावर लिहा, आणि त्यानं ‘ढीग कोमट लागतोय’ असं सांगितलं तर पाळी थांबली म्हणून त्याला रागावू नका. त्याचं ऐकलं जाईल एवढी खात्री त्याला हवी. नायनांना ती नव्हती.

अग्निशमन दलातले कुणी हे वाचत असतील तर त्यांनाही एक विनंती. आग विझल्यावर कारणाच्या रकान्यात काही लिहायच्या आधी चार गोष्टी विचारा: इथं ढीग होता का, किती उंच, किती दिवसांचा, त्यात शेवटचं काय टाकलं होतं. मध्ये काळा आणि कडेला पांढरा कापूस राहिला असेल तर त्याचा फोटो काढून ठेवा. वायर जळलेली प्रत्येकच आगीत सापडते. वायर आगीमुळे जळली की आग वायरीमुळे लागली, हे त्या पांढऱ्या कापसावरून कधीकधी कळू शकतं.

नायना आता नाहीत. वॉचमन काकाही नाहीत. गेल्या वर्षी मी काकांच्या घरी गेले होते. काकू विड्या वळतात. पुढ्यात सूप, त्यात पानं, तंबाखू, कात्री. मी त्यांना सगळं सांगितलं, बेलतेल, बोळा, बंद खोली, सुट्टी. समीकरण नाही सांगितलं. त्या ऐकत होत्या आणि हात चालू होते. मग म्हणाल्या, ‘म्हणजे ह्यांनी नव्हती टाकली ना विडी?’ मी म्हटलं, नाही काकू, विडी नव्हतीच. त्यांनी सूप बाजूला ठेवलं आणि मला म्हणाल्या, हे त्या शेठला लिहून कळव.

ते शेठही आता नाहीत. म्हणून तुम्हाला कळवते आहे. फेब्रुवारी संपायच्या आत कुणीही बोलवा, माझा थर्मामीटर घेऊन मी येईन, कुठल्याही पाळीला. पैसे घेणार नाही. आपण मिळून तुमच्या ढिगाचं पोट मोजू.

आपली,
ड्रायरवाल्याची मुलगी
पूर्व भाग, सोलापूर